डोंगरातली सहा दिवसांची शर्यत आणि आपले शरीर

मॅरेथॉन म्हणजे ४२ किलोमीटर १९५ मीटर, हे आता शाळकरी मुलांनाही ठाऊक असते. पण ज्या शर्यतीपुढे मॅरेथॉन म्हणजे सकाळचा फेरफटका वाटावा, अशाही शर्यती जगात आहेत. त्या एका दिवसात संपत नाहीत. त्या डांबरी रस्त्यावरून जात नाहीत. खडक, चिखल, बर्फाचे पट्टे, दरीच्या कडेची पाऊलवाट, रात्रीचा अंधार आणि पुन्हा दुसरा चढ, असे दिवसच्या दिवस चालते. आपल्याकडचे तरुणही आता हौसेने अशा परदेशी शर्यतींत नाव नोंदवू लागले आहेत. म्हणून या आठवड्यात या शर्यतींत शरीराचे नेमके काय होते, ते समजून घेऊ.

उदाहरणादाखल एकच शर्यत घेऊ. इटलीच्या वायव्य कोपऱ्यात, फ्रान्स आणि स्वित्झर्लंडच्या सीमेला लागून आओस्ता नावाचे खोरे आहे. त्याच्या भोवती माँ ब्लाँ, ग्रान पारादिसो, मोंते रोझा आणि मॅटरहॉर्न हे चार हजार मीटरहून उंच पर्वत उभे आहेत. या महाकाय पर्वतांना फेरी घालणारी 'तोर दे जेआँ' ही शर्यत २०१० मध्ये सुरू झाली. ती सप्टेंबरमध्ये असते. कुर्मायर या गावातून निघायचे आणि सुमारे ३३० किलोमीटर फिरून तेथेच परत यायचे. वाटेतले सगळे चढ एकावर एक रचले तर सुमारे २४,००० मीटर भरतात, म्हणजे एव्हरेस्टच्या उंचीच्या जवळजवळ पावणेतीन पट! तेवढेच उतरायचेही असते. सर्वात उंच खिंड सुमारे ३,३०० मीटरवर आहे. आपले कळसूबाई शिखर १,६४६ मीटर, म्हणजे ही खिंड बरोबर त्याच्या दुप्पट. हे सगळे १५० तासांत, म्हणजे सहा दिवस सहा तासांत पुरे करायचे. घड्याळ एकदा सुरू झाले की थांबत नाही. जेवा, झोपा, पायाला पट्टी बांधा, तो सारा वेळ शर्यतीतच धरला जातो.

आता एक साधा हिशेब करू. १५० तासांत ३३० किलोमीटर म्हणजे ताशी सरासरी सव्वादोन किलोमीटरसुद्धा पडत नाहीत. आणि विजेते? इटलीच्या फ्रांको कोले यांनी २०२१ मध्ये ही शर्यत ६६ तास ४३ मिनिटांत जिंकली. त्यांचीही सरासरी ताशी पाच किलोमीटरच्या आसपास येते. आपल्या गावातले निवृत्त शिक्षक सकाळी झपझप फिरायला जातात, साधारण तोच वेग! फरक एवढाच, की ते पाऊण तासाने घरी चहाला येतात आणि हा गडी जवळजवळ तीन दिवस डोंगर चढत-उतरत राहतो.

या हिशेबातच आजच्या लेखाचे सार आहे. अशी शर्यत जोराने जिंकली जात नाही, संयमाने पुरी केली जाते.

चढापेक्षा उतार वाईट

चढताना दम लागतो म्हणून चढ अवघड, असे आपल्याला वाटते. हृदयाच्या आणि फुप्फुसांच्या दृष्टीने ते खरेच आहे. पण स्नायूंची खरी झीज होते ती उतरताना. चढताना मांडीचा पुढचा स्नायू आखडत आखडत शरीर वर उचलतो. उतरताना मात्र तोच स्नायू ताणला जात असताना शरीराचा भार पेलत असतो. गाडीला ब्रेक लावावा तसे त्याचे काम चालते. या ताणाने स्नायूच्या सूक्ष्म तंतूंना इजा होते. गड उतरून आल्यावर त्या दिवशी काही वाटत नाही, पण दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जिना उतरताना 'आई गं' म्हणायची वेळ येते, त्याचे कारण हेच.

इजा झालेल्या स्नायूंतली द्रव्ये रक्तात उतरतात. त्यांतले एक प्रथिन, मायोग्लोबिन, फार प्रमाणात आले तर मूत्रपिंडाला अपाय करते. तेव्हा लघवी कोऱ्या चहासारखी काळपट होते. अशी लघवी दिसली की शर्यत तेथेच संपली असे समजावे आणि रुग्णालय गाठावे.

मग ३३० किलोमीटरच्या शर्यतीत तर स्नायूंची पार वाट लागत असेल? स्वित्झर्लंडमधील लोझान विद्यापीठाच्या संशोधकांनी याच शर्यतीतल्या धावपटूंची तपासणी केली आणि निष्कर्ष २०१३ मध्ये प्रसिद्ध केले. शर्यत संपल्यावर मांडीच्या पुढच्या स्नायूची ताकद सुमारे २४ टक्क्यांनी घटलेली आढळली. माँ ब्लाँभोवतीच्या सुमारे १६६ किलोमीटरच्या, म्हणजे निम्म्या अंतराच्या शर्यतीत हीच घट पूर्वी सुमारे ३५ टक्के आढळली होती. म्हणजे अंतर दुप्पट आणि नुकसान कमी! यामागे गूढ काही नाही. लांबच्या शर्यतीत माणूस पहिल्या तासापासूनच हात राखून चालतो. झोप नसल्याने त्याला जोर करताच येत नाही आणि ती सक्तीची मंदगती त्याच्या स्नायूंना वाचवते. अंतरापेक्षा घाई अधिक घातक ठरते, असे या आकड्यांवरून दिसते.

उतारासाठी शरीर तयार करता येते. ज्या स्नायूला उताराची सवय आहे त्याला पुढच्या वेळी इजा कमी होते, आणि हे संरक्षण काही आठवडे टिकते. म्हणून अशा शर्यतीची तयारी सपाट मैदानावर फेऱ्या मारून होत नाही. चढ-उताराचा सराव हळूहळू वाढवत न्यावा लागतो. दोन्ही हातांत काठ्या घेतल्या तर पायांवरचा भार बराच हलका होतो. या शर्यतींत नामांकित धावपटूही काठ्या वापरतात, त्यात कमीपणा मानत नाहीत.

पाणी कमी आणि पाणी जास्त

'तहान लागण्याआधीच पाणी प्या, भरपूर प्या', हा सल्ला आपण सगळ्यांनी ऐकलेला आहे. उन्हात घाम गाळणाऱ्याने पाणी प्यायलाच हवे, यात शंका नाही. पण दीर्घ शर्यतीत याची दुसरी बाजूही माणसाच्या जिवावर बेतू शकते.

तासन् तास श्रम चालू असताना शरीरात लघवी रोखून धरणारे संप्रेरक वाढते. अशा वेळी तहान नसताना तांब्यामागून तांब्या पाणी ढोसले तर ते बाहेर पडत नाही. रक्त पातळ होते आणि त्यातल्या सोडियम या क्षाराचे प्रमाण घसरते. निरोगी माणसात हे प्रमाण १३५ ते १४५ च्या दरम्यान असते. ते फार खाली गेले तर मेंदूला सूज येते. अमेरिकेतील बोस्टन मॅरेथॉनमध्ये २००२ साली ४८८ धावपटूंचे रक्त तपासले, तेव्हा १३ टक्के लोकांचे सोडियम कमी निघाले. हा अभ्यास २००५ मध्ये प्रसिद्ध झाला. शर्यतीत ज्यांचे वजन कमी होण्याऐवजी वाढले होते, त्यांना हा धोका अधिक होता.

याची लक्षणे फसवी असतात. मळमळ, उलटी, डोकेदुखी, हातांची बोटे सुजून अंगठी घट्ट होणे, मग बरळणे आणि शेवटी झटके. पाहणाऱ्याला वाटते पाणी कमी पडले, म्हणून तो आणखी पाणी पाजतो आणि रोगी अधिकच बिघडतो. म्हणून नियम सोपा ठेवावा. तहान लागली की प्यावे, तहान भागली की थांबावे. सोबत खारट खाणे असावे. बरळणाऱ्या किंवा झटके येणाऱ्या धावपटूला पाणी पाजत बसू नये, त्याला तातडीने डॉक्टरांकडे न्यावे.

वेदनाशामक गोळ्यांचा मोह

दुसऱ्या दिवशी गुडघे ठणकू लागले की धावपटूचा हात खिशातल्या गोळीकडे जातो. आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक या आपल्याकडेही औषधाच्या दुकानात सहज मागून घेतल्या जाणाऱ्या गोळ्या आहेत. घरी, पोटात अन्न असताना, डॉक्टरांच्या सल्ल्याने दोन दिवस घेतल्या तर बहुतेकांना त्या सोसतात. डोंगरातली गोष्ट वेगळी. तेथे घामाने शरीरातले पाणी घटलेले असते आणि रक्त पायांच्या स्नायूंकडे वळलेले असते. मूत्रपिंडाला रक्त आधीच कमी मिळत असते. अशा वेळी मूत्रपिंडातल्या रक्तवाहिन्या उघड्या ठेवणारी जी नैसर्गिक द्रव्ये असतात, नेमकी तीच या गोळ्या बंद पाडतात.

अनेक दिवस चालणाऱ्या २५० किलोमीटरच्या शर्यतींत ८९ धावपटूंवर केलेला एक प्रयोग २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. ८० किलोमीटरच्या टप्प्यात काहींना आयबुप्रोफेन दिले, काहींना तशीच दिसणारी औषध नसलेली गोळी दिली. मूत्रपिंडाला तात्पुरती इजा झाल्याचे औषध घेणाऱ्यांत ५२ टक्के लोकांत दिसले, तर न घेणाऱ्यांत ३४ टक्के लोकांत. धावपटूंची संख्या लहान असल्याने हा शेवटचा शब्द म्हणता येणार नाही. पण गोळी न घेणाऱ्यांतही तिघांतल्या एकाच्या मूत्रपिंडावर ताण येतो, हे लक्षात घेतले तर त्यात आणखी भर कशाला घालायची?

शिवाय वेदना हा शरीराचा निरोप असतो. तो निरोपच दाबून टाकला तर पायाचे हाड तडकत आले आहे हे कळणार कसे? रक्तदाबाच्या गोळ्या घेणाऱ्यांनी, विशेषतः लघवी वाढवणारी गोळी चालू असलेल्यांनी, अशा श्रमाआधी आपल्या डॉक्टरांशी अवश्य बोलावे. पण गोळ्या आपल्या मनाने बंद करू नयेत.

थंडी हा सर्वात मोठा शत्रू

उंची दर हजार मीटरने वाढली की तापमान साधारण साडेसहा अंशांनी उतरते. आओस्ताच्या शर्यतीत दोन्नास हे गाव सुमारे ३३० मीटरवर आहे आणि सर्वात उंच खिंड सुमारे ३,३०० मीटरवर. म्हणजे गावात माणूस सदऱ्यावर असेल, तर खिंडीत जवळजवळ वीस अंशांनी थंड हवा असते. त्यात वारा आणि भिजलेले कपडे. भिजलेल्या अंगावरून वारा वाहिला की उष्णता झपाट्याने निघून जाते.

हे किती महागात पडते, ते चीनमध्ये दिसले. २२ मे २०२१ रोजी गान्सू प्रांतात डोंगरातल्या १०० किलोमीटरच्या शर्यतीत १७२ जण उतरले होते. ही शर्यत एकाच दमाची होती, पण धोका तोच. उंचावर अचानक गारा, गोठवणारा पाऊस आणि सोसाट्याचा वारा सुरू झाला. बहुतेकांच्या अंगावर पातळ बंडी आणि आखूड चड्डी. २१ धावपटू मरण पावले. त्यांत चीनमधले नाणावलेले धावपटूही होते. ताकद होती, सराव होता, नव्हते ते अंगावर पुरेसे कपडे. त्याच डोंगरात एका मेंढपाळाने सहा जणांना आपल्या आश्रयाच्या गुहेत आणून शेकोटीपाशी ऊब दिली आणि त्यांचे प्राण वाचवले.

म्हणूनच युरोपातल्या या शर्यतींत पावसाचा अंगरखा, उबदार कपडे, दिवा, शिट्टी, उष्णता राखणारा चकचकीत कागदी कपडा असे सामान पाठीवर सक्तीने बाळगावे लागते. 'वजन वाढते' म्हणून ते काढून ठेवणारा माणूस आपल्या जिवाचा विमाच काढून ठेवत असतो.

शरीराचे आतले तापमान ३५ अंश सेल्सिअसच्या खाली गेले की धोका सुरू होतो. आधी हुडहुडी भरते. मग जीभ अडखळते, पाय अडखळतात, गुंडी लावता येत नाही. यानंतर हुडहुडी थांबली तर बरे वाटले असे समजू नये. शरीराने हात टेकल्याची ती खूण आहे. काही जण या अवस्थेत उकडते म्हणून कपडेही काढू लागतात. अशा माणसाला वाऱ्याच्या आड न्यावे, ओले कपडे काढून कोरडे घालावेत, डोके झाकावे, शुद्धीत असेल तर गरम गोड पेय द्यावे. हातपाय जोरजोराने चोळू नयेत. ब्रँडी तर मुळीच देऊ नये, तिने ऊब आल्याचा भास होतो आणि उष्णता उलट बाहेर जाते.

याच उंचीवर हवाही विरळ असते. ३,३०० मीटरवर समुद्रसपाटीच्या मानाने सुमारे दोन-तृतीयांशच प्राणवायू मिळतो. डोके ठणकणे, मळमळ, चालताना तोल जाणे अशी लक्षणे आली तर वर चढत राहू नये. खाली उतरणे हाच त्यावरचा पहिला उपाय.

झोपेचे देणे

या शर्यतींत बहुतेकांना सगळी मिळून काही तासांचीच झोप मिळते. दुसऱ्या-तिसऱ्या रात्री भास होऊ लागतात. दगडात जनावर दिसते, झाडाखाली माणूस बसलेला दिसतो. जानेवारी २०१९ मध्ये इंग्लंडपासून स्कॉटलंडच्या सीमेपलीकडे जाणारी ४३१ किलोमीटरची हिवाळी शर्यत जस्मिन पॅरिस या महिलेने ८३ तास १२ मिनिटांत जिंकली, तीही सर्व पुरुषांना मागे टाकून. घरी चौदा महिन्यांची तान्ही मुलगी होती, तिच्यासाठी त्या विश्रांतीच्या ठिकाणी अंगावरचे दूध काढून ठेवत होत्या. पशुवैद्यकाचे शिक्षण घेतलेल्या या बाईंनाही शेवटच्या टप्प्यात खडकांतून प्राणी दिसू लागले होते.

भास होणे म्हणजे वेड लागणे नव्हे. न झोपलेला मेंदू जागेपणीच डुलक्या घेतो. पण दरीच्या कडेला घेतलेली दोन सेकंदांची डुलकी शेवटची ठरू शकते. आओस्ताच्या शर्यतीत २०१३ मध्ये एक स्पर्धक पडून मरण पावला. अशा वाटेवर एक चुकलेले पाऊल पुरेसे असते. म्हणून डोळे मिटू लागले की वीस मिनिटे आडवे व्हावे. वीस मिनिटांची झोप पुढचे कित्येक तास वाचवते. जागे राहण्याच्या गोळ्यांच्या वाटेला जाऊ नये.

जाण्यापूर्वी

इटलीत स्पर्धात्मक खेळ खेळणाऱ्याला १९८२ पासून वैद्यकीय तपासणी आणि हृदयाचा आलेख बंधनकारक आहे. व्हेनेतो प्रांतात १९७९ ते २००४ या काळाचा अभ्यास झाला. तरुण खेळाडूंत अचानक हृदय बंद पडून होणाऱ्या मृत्यूंचे प्रमाण दर लाखी वर्षाला ३.६ वरून ०.४ वर आल्याचे त्यात दिसले. तपासणीत हृदयाच्या स्नायूंचे दोष आधीच सापडू लागले, हे त्याचे मोठे कारण. आपल्याकडे अशी सक्ती नाही, म्हणून शहाणपण आपणच दाखवायचे.

अशा शर्यतीला निघणाऱ्याने काही गोष्टी कराव्यात, त्या अशा :

१. रक्तदाब, रक्तातील साखर, हिमोग्लोबिन आणि हृदयाचा आलेख तपासून घ्यावा. चाळिशी उलटली असेल, किंवा वडील-भावांपैकी कोणी तरुणपणी हृदयविकाराने गेले असेल, तर हृदयरोगतज्ज्ञांना दाखवावे. धावताना छातीत दुखणे किंवा चक्कर येऊन पडणे हे कधीही 'अशक्तपणा' म्हणून सोडून देऊ नये.

२. तयारीला किमान वर्ष द्यावे. आधी एक दिवसाचा डोंगर, मग लागोपाठ दोन दिवस, मग एखादी छोटी शर्यत. पायरी चुकवू नये.

३. पाठीवर सामान घेऊन सराव करावा. शर्यतीत जे खायचे तेच सरावात खावे. श्रमात पोटाला रक्त कमी पडते, म्हणून अनोळखी पदार्थ पचत नाहीत. दर तासाला थोडे थोडे खावे.

४. नवे बूट घालून जाऊ नये. पाय ओले राहिले की फोड येतात. मोजे बदलावेत, पाय कोरडे करावेत, जागा हुळहुळू लागताच पट्टी लावावी. टाचेच्या एका फोडाने कित्येकांची शर्यत संपलेली आहे.

५. परदेशी जाताना डोंगरातल्या सुटकेचा खर्च देणारा विमा काढावा आणि आपला रक्तगट, औषधे, ॲलर्जी यांची चिठ्ठी जवळ ठेवावी.

६. ताप, जुलाब, खोकला असताना शर्यतीत उतरू नये, मग कितीही पैसे भरलेले असोत.

शर्यत अर्ध्यात सोडणे म्हणजे अपमान, असे अनेकांना वाटते. घरच्यांनी निरोप दिलेला असतो, गावात बातमी छापून आलेली असते, कर्ज काढून तिकीट घेतलेले असते. मग परतायचे कोणत्या तोंडाने, या विचाराने माणूस काळी लघवी दिसत असतानाही पुढे जातो. येथे घरच्यांची जबाबदारी मोठी आहे. निघताना 'जिंकून ये' म्हणण्याऐवजी 'सुखरूप ये' म्हणावे. आओस्ताच्या शर्यतीत दरवर्षी कितीतरी कसलेले धावपटू मध्येच थांबतात आणि पुढच्या वर्षी पुन्हा येतात. डोंगर काही पळून जात नाही.

आपल्यापैकी बहुतेक जण इटलीला जाणार नाहीत. पण गडावर जाणारी मुले, पोलीस भरतीसाठी पहाटे धावणारे तरुण, पायी वारीला निघणारी मंडळी आपल्या घरोघरी आहेत. त्यांच्याही शरीराचे नियम हेच. पहिल्या दिवशी हात राखावा, उतारावर घाई करू नये, तहानेप्रमाणे पाणी प्यावे, दुखणे गोळीने दाबू नये, झोपेची उधारी वाढू देऊ नये. शरीर आपल्याशी सतत बोलत असते. त्याचे म्हणणे वेळीच ऐकले तर ते फार लांबपर्यंत साथ देते.